बारापात्रे सरांचे भित्रे देश

बारापात्रे सर भित्रे होते. हे मी त्यांच्या माघारी बोलते आहे असं कोणी समजू नये. ते स्वतःच सांगायचे, तेही भर वर्गात. पहिल्या तासाला आले, फळ्यावर 'आंतरराष्ट्रीय संबंध' असं लिहिलं, खडू खाली ठेवला आणि म्हणाले, "मी भित्रा माणूस आहे, म्हणून मला हा विषय समजतो. देश भितात. मोठे देश जास्त भितात. एवढं कळलं की निम्मा अभ्यास झाला."

मागच्या बाकांवरची पोरं हसली. सरही हसले, पण दाराकडे बघून.

त्यांची भीती नुसती बोलण्यातली नव्हती. शहरातल्या बर्डीच्या चौकात पोलीस उभा दिसला की सर सायकलवरून उतरत. मान खाली घालून, सायकल हातात धरून पोलिसाच्या पुढून चालत जात आणि चौक मागे पडला की पुन्हा टांग मारत. कुठल्या पोलिसानं त्यांना कधी हटकलं होतं असं नाही. दाराकडे पाठ करून ते कधी बसत नसत. तास संपला की फळा स्वतः पुसत, आधी डस्टरनं, मग ओल्या फडक्यानं. रस्त्यावरून जीप गेली की वाक्य अर्ध्यात थांबे. आवाज पार विरेपर्यंत सर तसेच उभे, आणि मग नेमक्या त्याच शब्दापासून पुढे. सुरुवातीला आम्हाला गंमत वाटायची. पंच्याहत्तर साल आलं आणि जीप वाजली की आमचेही पेन थांबायला लागले.

मी वाडीची, शहराच्या वेशीवरची. बाबा ट्रान्सपोर्टच्या गोदामात पोती उचलायचे. आमच्या घराण्यात बी. ए. झालेली मी पहिली. हे मी जिथेतिथे सांगत आले आणि इथेही सांगते. कॉलेजात मला 'तुम्ही' म्हणणारा पहिला माणूस म्हणजे बारापात्रे सर. ते सगळ्याच विद्यार्थ्यांना 'तुम्ही' म्हणायचे, कारण त्यांच्या लेखी आम्ही एकेका देशाचे प्रतिनिधी होतो.

ते कसं, तेही सांगते. तेव्हा जिनिव्हाला जगातल्या देशांचा मानवी हक्क आयोग बसायचा. जगभरातून माणसं त्याच्याकडे तक्रारी पाठवत, आणि आयोगानं सुरुवातीलाच ठरवून टाकलं होतं की एकट्यादुकट्या माणसाच्या तक्रारीवर काही करण्याचा अधिकार आपल्याला नाही. पुढे जराशी फट उघडली, पण तीही बंद दारामागची. आयोग सुधारा, तक्रारी ऐकणारा एक उच्चायुक्त नेमा, असा प्रस्ताव काही लहान देश पुन्हा पुन्हा आणत आणि मोठे देश तो पुन्हा पुन्हा पुढे ढकलत. सर दर हिवाळ्यात हाच प्रस्ताव आमच्या हॉलमध्ये आणायचे. टेबलं गोलात लावायची, देशांच्या पाट्या ठेवायच्या, प्रत्येकाला एक देश. तोही न पटणारा. ज्याला प्रस्ताव आवडे त्याला विरोधातला देश मिळे, ज्याला नको असे त्याला बाजूचा. "स्वतःचं मत सगळ्यांनाच बोलता येतं," सर म्हणायचे, "दुसऱ्याची अडचण बोलून दाखवा."

अधिवेशनाआधीचे पंधरा दिवस खरी मजा असे. पाठिंबा गोळा करायचा. कँटीनमध्ये, सायकल स्टँडवर, मुलींच्या खोलीत. आणि त्याची सरांनी घालून दिलेली पद्धत होती. मत मागायचं नाही. आधी विचारायचं, "आपल्या देशाला यात कशाची भीती वाटते?" ती भीती काढून टाकायचं कलम सुचवायचं. मग मत आपसूक येतं.

यात माझी मैत्रीण शकुन पटाईत होती. शकुन ढोमणे, हिंगण्याची, तोंडाची फटकळ. तिला कोस्टारिका मिळाला होता, प्रस्ताव मांडणारा देश. तिला तो मुळीच नको होता. तिचं म्हणणं, घरच्या गोष्टी बाहेर काहून सांगायच्या? पण एकदा देश मिळाला की शकुन त्या देशाची. कँटीनवाला पांडूभाऊसुद्धा हाक मारायचा, "ओ कोस्टारिका, तर्री टाकू का वं पोह्यावर?"

त्या गोलात एक खुर्ची रिकामी असे. पाटी असे, 'भारत', पण माणूस नाही. हाही सरांचाच रिवाज. अध्यक्ष म्हणून सर वर्णक्रमानं देश पुकारत. 'भारत' म्हणून पुकारत, क्षणभर थांबत, 'अनुपस्थित' म्हणत आणि पुढे जात. मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "तिथे बसलेल्या माणसाला दुसऱ्याचं बोलता येणार नाही. म्हणून कोणीच नको."

त्या वर्षी आणीबाणी होती. दिवाळी झाली आणि आमच्या ग्रंथालयातला वासुदेव कामावर येईनासा झाला. वासुदेव म्हणजे पुस्तकं काढून देणारा परिचर; लांब हातांचा, हसरा. कर्मचाऱ्यांच्या संघटनेच्या सभेत सतरंज्या घालायचा, यापलीकडे त्याचं राजकारण आम्हाला माहीत नव्हतं. दोन माणसं घरी आली, 'साहेबांनी बोलावलं' म्हणाली आणि घेऊन गेली. कुठे, ते कोणी सांगेना. ग्रंथालयात त्याच्या स्टुलावर कोणी बसत नव्हतं आणि त्याचं नावही कोणी काढत नव्हतं. आम्ही पुस्तक मागायचं तरी हळू आवाजात मागायचो.

एक दिवस त्याची बायको सुमन कॉलेजात आली. आधी ऑफिसात गेली. तिथे सगळे कागदात डोकं घालून बसले. मग व्हरांड्यात सर दिसले, तशी ती त्यांच्यापुढे येऊन उभी राहिली. शकुन आणि मी तिथेच होतो.

"सर, ठाण्यात म्हणते आमच्याकडे नाही. जेलवर म्हणते नाव नाही. मी कोणाले विचारू?"

सरांनी आधी व्हरांड्याची दोन्ही टोकं पाहिली.

"वकील..." ते म्हणाले.

"दोघांकडे गेली. एकानं दारच नाही उघडलं."

सरांच्या कपाळावर डिसेंबरच्या गारठ्यात घाम आला. ते म्हणाले, "बाई, मले माहीत नाही." सरांना वऱ्हाडी बोलताना मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. "खरंच नाही माहीत, कोणाले विचारायचं ते."

"तुम्हीच तर पोरायले शिकवता म्हणे, माणसाचे हक्क."

असं म्हणून ती गेली. रागावून नाही, थकून. सर कँटीनमध्ये येऊन बसले, भिंतीला पाठ लावून. पांडूभाऊनं न मागता चहा ठेवला. सरांनी कप बाजूला सरकवला. आणि मग, आम्ही काही विचारलं नसताना, एकदाच जे बोलले ते बोलले.

"आमचं घर कोष्ट्याचं. घरात माग. मागाखाली खड्डा असते, पाय सोडून विणायले. बेचाळीसमध्ये माझ्या भावाले न्यायले आले, तवा मी त्या खड्ड्यात लपलो. तो वरून मले दिसत होता. त्यानं एकदाच खाली पाहिलं आणि लगेच नजर काढली, माझ्यावर कोणाची नजर जाऊ नये म्हणून. तो जेलातून आला तो खोकतच आला, आणि पुढल्या उन्हाळ्यात गेला." मग म्हणाले, "मी तवापासून त्याच खड्ड्यात आहो."



दुसऱ्या दिवसापासून सरांच्या सायकलच्या हँडलला एक खाकी पिशवी दिसायला लागली. एकदा ती स्टँडवर पडली आणि आतलं बाहेर आलं. घोंगडी, लुंगी, दंतमंजनाची डबी, साबण. सरांनी घाईघाईनं भरलं. "नेलंच," ते म्हणाले, "तर निदान पांघरूण असावं."  भित्र्या माणसानं इतकी तयारी करावी म्हणजे काहीतरी नक्की होणार असंच आम्हाला वाटलं.

त्या वर्षी अधिवेशन होत नाही, अशी आम्हा सगळ्यांची खात्री होती. प्राचार्यांनी सरांना बोलावलं. दार लोटलेलं होतं, पण प्राचार्यांचा आवाज मोठा. "यंदा राहू द्या हो बारापात्रे. शिस्तीवर एखादी वक्तृत्व स्पर्धा घ्या." मग बराच वेळ काही ऐकू आलं नाही. सर बाहेर आले ते भिंतीला हात लावत.

"रद्द?" शकुननं विचारलं.

"होईल. भारताचं नाव निघता कामा नये, एवढी अट."

"प्राचार्य कसे मानले, सर?"

"त्यांना विचारलं, आपल्याला कशाची भीती वाटते? म्हणाले, भारताची. मी म्हटलं, ती खुर्ची दरवर्षी रिकामीच असते."

अधिवेशन दुपारचं होतं. हॉलच्या खिडक्यांतून ऊन आत आलं होतं. आम्ही इस्त्रीच्या साड्या नेसून आपापल्या पाट्यांमागे बसलो. माझी पाटी सेनेगल. सुमन अगदी मागे, दाराजवळच्या बाकावर येऊन बसली होती. तिला कोणी बोलावलं ते मला माहीत नाही. सरांची खाकी पिशवी अध्यक्षांच्या टेबलाखाली.

भाषणं झाली. मध्ये चहाची सुट्टी झाली, आणि तेव्हा शकुननं ते केलं.

भिंतीलगत चौकड्याच्या बुशशर्टातला एक माणूस बसला होता. चाळिशीचा, पायात जाड चामड्याचे बूट. बाहेरच्या कॉलेजचे प्राध्यापक दरवर्षी पाहायला यायचे, त्यातलाच कोणी असेल असं शकुनला वाटलं. दरवर्षीच्या शिरस्त्याप्रमाणे तिनं एक संत्रं सोललं, चहाचा कप घेतला आणि त्याच्यापुढे उभी राहिली. मी दोन हातांवर होते.

"नमस्कार. आपला देश कोणता?"

माणूस गडबडला. "मी... मी नुसता पाहून राहिलो."

"म्हणजे निरीक्षक! बसा ना, उठता कायले. संत्रं घ्या, घरचं आहे. आपल्या देशाले या प्रस्तावात कशाची भीती वाटते?"

"आमाले? आमाले कायची भीती?"

"मग बाजूनं बोला ना आमच्या."

"मले वरून आदेश नाही, बाई."

"सगळे असंच म्हणते!" शकुन खूश झाली. "राजधानीतून सूचना नाही म्हणते. पण तुमचं स्वतःचं म्हणणं काय? एखाद्याच्या घरच्या माणसाले कुठं ठेवलं, एवढं विचारायले एक जागा असावी की नाही?"

माणसानं संत्र्याची फोड तोंडात टाकली, इकडे तिकडे पाहिलं. "असावी तर खरी," तो पुटपुटला. "पण मायं नाव नको सांगू."

शकुन उड्या मारत सरांकडे आली. "सर, तो निरीक्षक वळला! चौकड्यावाला!"

सरांनी तिकडे पाहिलं. आधी बूट पाहिले, मग माणूस. 

"शकुन, जागेवर जाऊन बसा," ते म्हणाले. "तो देश नाही."

एवढं पुरलं. चहाचे कप ठेवेपर्यंत 'साध्या कपड्यातला पोलीस आहे' ही गोष्ट टेबलाटेबलांवरून फिरली. कोणी कोणाकडे पाहीना. रोज टाळ्या पिटणारी पोरं पाटीमागे दडल्यासारखी बसली. मतदान सुरू झालं. सरांचा आवाज कोरडा.

"अर्जेंटिना."

"तटस्थ."

"इटली."

"तटस्थ."

पंधरा दिवस ज्यांची भीती काढली ते सगळे देश एकेक करून पुन्हा भ्याले. "कोस्टारिका" म्हटल्यावर शकुन उभी राहिली, "बाजूनं" म्हणाली, आणि तिचाही आवाज शेवटच्या अक्षराला चिरकला. पुन्हा तटस्थ, तटस्थ. मागच्या बाकावर सुमन पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती.

"भारत," सर म्हणाले.

आणि थांबले. दरवर्षी थांबत तेवढेच, मग त्याहून जास्त. बाहेर रस्त्यावरून काहीतरी गेलं, ट्रक असेल. सरांचं तोंड अर्धवट उघडं. आम्ही 'अनुपस्थित' ऐकायची वाट पाहत होतो. प्राचार्य पहिल्या रांगेत होते, ते खुर्चीत पुढे सरकले.

सर उठले. टेबलाला धरून वळसा घातला आणि गोलातल्या त्या रिकाम्या खुर्चीत येऊन बसले. ती खुर्ची दाराकडे पाठ असलेली होती.

"भारत, बाजूनं," ते म्हणाले. त्यांचे दोन्ही हात पाटीवर होते आणि पाटी टेबलावर खडखडत होती. "मतदानाचं स्पष्टीकरण करण्याची परवानगी असावी."

परवानगी देणारा अध्यक्षच खाली येऊन बसलेला. 

"आमच्या देशाचा एक नागरिक, वासुदेव, या इमारतीत पुस्तकं काढून देत असे. दिवाळीनंतर तो घरी आलेला नाही. त्याच्या बायकोनं कोणाला विचारावं, हे भारताला माहीत नाही. म्हणून भारत या सुधारणेच्या बाजूनं आहे." त्यांनी पाटी सरळ केली. "भारताला भीती वाटते. पण बाजूनं आहे."

मग ते उठून परत अध्यक्षांच्या खुर्चीत गेले आणि पुढचं नाव पुकारलं. "मेक्सिको."

मेक्सिकोचा मुलगा लकडगंजचा होता, वडिलांची लाकडाची वखार. त्यानं चौकड्याच्या शर्टाकडे पाहिलं, सरांकडे पाहिलं. "बाजूनं," तो म्हणाला. त्यानंतरचे बहुतेक बाजूनंच म्हणाले. सेनेगलही म्हणाला. तटस्थ मतं मोजत नाहीत. प्रस्ताव मंजूर झाला आणि एकानंही टाळी वाजवली नाही.

हॉल भराभर रिकामा झाला. प्राचार्य सरांच्या अंगावरून जाताना एवढंच म्हणाले, "तुम्ही माझं वाटोळं केलं." आम्ही पाट्या गोळा करत रेंगाळलो. चौकड्याचा माणूस भिंत सोडून सरांकडे आला. सर उभे राहिले. त्यांनी टेबलाखालची पिशवी काढून हातात घेतली. आता निघायचंच, अशी.

"नाव?"

"बारापात्रे."

माणसानं पूर्ण नाव, पत्ता सगळं विचारून घेतलं. मग पिशवीकडे पाहिलं. "हे काय हो?"

"घोंगडी," सर म्हणाले. "कपडे. माझे."

माणूस जरा वेळ तिथेच घुटमळला. दाराशी सुमन उभी होती, तिच्याकडे त्यानं पाहिलं नाही. खिशातून रुमाल काढून हाताला लागलेला संत्र्याचा रस पुसला आणि रुमालाकडे बघतच, अगदी हळू बोलला.

"वर्धा रोडच्या जेलात आहे. बरा आहे. रात्रीची थंडी लय पडते तिथं." आणि मग मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल असं, "सोमवारी ठाण्यात या, मास्तर. लिहून घ्याचं आहे."

तो गेल्यावर सर मटकन खाली बसले. शकुन पाणी आणायला धावली. सुमन जवळ आली. सरांनी पिशवी तिच्या हातात दिली. तिनं आत पाहिलं, घोंगडीवरून हात फिरवला आणि पिशवी पोटाशी धरून निघाली. ती रस्त्यापर्यंत जाईतो पळत होती.

सोमवारी सर ठाण्यात गेले. त्यांना मारलं वगैरे नाही. दिवसभर बाकावर बसवून ठेवलं आणि पुढच्या सोमवारी पुन्हा या म्हणाले. मग पुन्हा पुढच्या. आणीबाणी उठेपर्यंत दर सोमवारी सर त्या बाकावर बसत होते. मंगळवारी वर्गात आले की डोळे सुजलेले, आवाज गेलेला. विभागप्रमुखपद त्यांच्याकडून काढून घेतलं, आणि अधिवेशन तर बंदच झालं. एकदा मी न राहवून विचारलं, "सर, आता सवय झाली असेल ना? भीती कमी झाली?"

"छे," ते म्हणाले. "दर सोमवारी तेवढीच वाटते."

वासुदेव सत्त्याहत्तरला सुटून आला, केस पिकून. ग्रंथालयात त्याला परत घेतलं. खाकी पिशवी त्यानं धुऊन, घडी घालून सरांना नेऊन दिली. घोंगडी मात्र ठेवून घेतली. म्हणाला, "हे नाही देत सर, माफ करा." शकुनचं लग्न होऊन ती बालाघाटला गेली. मी शिक्षिका झाले, आमच्या वाडीच्याच शाळेत. सरांकडे दर दसऱ्याला सोनं द्यायला जायचे, मग संसार वाढला आणि ते मागे पडलं.

शेवटचे दिसले ते त्र्याऐंशी-चौऱ्याऐंशीच्या सुमारास, बर्डीवर. मी मुलीला वह्या घ्यायला घेऊन गेले होते. गर्दीतून सर येताना दिसले. निवृत्त झालेले, पार वाळलेले, तीच सायकल. मी हाक मारणार इतक्यात चौकातल्या पोलिसावर त्यांची नजर गेली. अगदी पोरसवदा पोलीस, तंबाखूचा खर्रा चघळत उभा. सर सायकलवरून उतरले. मान खाली घातली आणि त्याच्या पुढून सायकल हातात धरून चालू लागले. हँडलला खाकी पिशवी होती, भरलेली.

"आई, ते आजोबा पोलिसाले भेते का वं?" मुलगी हसत म्हणाली.

"हो," मी म्हटलं. "खूप भेते. नीट पाहून ठेव."

चौक मागे पडला. सरांनी एकदा वळून पाहिलं, टांग मारली आणि महाल भागाकडे निघून गेले.